पावसाळ्यात स्कूटर चालू होत नाही? पाना हातात घ्यायच्या आधी हे बघा

मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमाराला आमच्या वाडीत एक आवाज हमखास ऐकू येतो. खर्र खर्र खर्र. जरा थांबून पुन्हा खर्र खर्र. मग कीक. मग शिवी. आणि थोड्या वेळाने माझ्या गडग्याशी कुणीतरी उभं, "दादा, जरा बघता का? गाडी घेत नाही."

मी मेकॅनिक नाही. पतसंस्थेचा पिग्मी एजंट आहे. गुहागर तालुक्यात रोज चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर फिरणं, तेही दुकानदार गल्ल्यावर असेल त्या वेळेत. गाडी बंद तर माझा दिवस बंद, म्हणून शिकावं लागलं. घरात दोन स्कूटर आहेत. माझी २०१२ ची, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारी जुनी वाटी असलेली. बायकोची २०२१ ची, फ्यूल इंजेक्शनवाली, तिच्यात हेच काम विजेवर होतं. शिवाय वाडीतल्या सहा-सात गाड्या दर आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, माझ्या पडवीत येऊन जातात. त्यातल्या बहुतेकांचं इंजिन ठणठणीत होतं. बिघाड सापडायचा तो एखाद्या पितळी पट्टीवर, वायरीच्या टोकाला, नाहीतर बुजलेल्या भोकात. पण शोधायला सुरुवात मात्र सगळे कार्ब्युरेटर खोलण्यापासून करतात.

आपल्याकडेच हे जास्त का होतं, तर मिठामुळे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं, ते गाडीच्या प्रत्येक फटीत बसतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. निव्वळ पावसाचं पाणी विजेला फारसं वाहून नेत नाही. मीठ मिसळलेलं पाणी छान वाहून नेतं, आणि वर तांबं-पितळ खाऊन हिरवं करतं. म्हणजे जिथे वीज जायला हवी तिथे अडते आणि जिथे जायला नको तिथे पळते.

आधी लक्षण ओळखा

"चालू होत नाही" एवढ्यावर काही कळत नाही. चावी फिरवून सेल्फ दाबा आणि नीट ऐका.

काहीच आवाज नाही, पण मीटरचे दिवे लागतात: ब्रेकचा स्विच, किल स्विच (मुठीजवळचा इंजिन बंद करायचा) किंवा साइड स्टँड.

टक् टक् होतं आणि दिवे मंदावतात, किंवा दिवेच लागत नाहीत: बॅटरी, तिची टोकं किंवा फ्यूज.

सेल्फ जोमाने फिरतो, पण इंजिन पकडत नाही: ठिणगी नाही किंवा पेट्रोल नाही.

चालू होते, दोन-तीन किलोमीटर जाते आणि गुदमरून बंद पडते, दहा मिनिटांनी पुन्हा चालू होते: टाकीच्या झाकणाचं भोक. याला लोक "गाडी गरम होते" म्हणतात. त्यात बहुधा गरम होण्याचा काही संबंध नसतो.

पाण्यातून गेल्यावर किंवा चढावर मिस मारते, झटके देते: प्लग कॅप (ठिणगी पाडणाऱ्या प्लगवरची टोपी) किंवा एअर फिल्टर.

इंजिन मस्त चालतं, रेस वाढते, पण गाडी पळत नाही: बेल्टच्या पेटीत पाणी शिरून बेल्ट घसरतो. ही वेगळीच तक्रार आहे, सुरू होण्याशी तिचा संबंध नाही. गाडी मुख्य स्टँडवर लावून थोडा वेळ चालू ठेवली की बऱ्याचदा सुकतो. दुसऱ्या दिवशीही तेच असेल तर पेटी मेकॅनिककडून उघडून घ्या.

एक पैसा न लागणाऱ्या तपासण्या

पहिली म्हणजे ब्रेक. हसू नका. गिअर नसलेल्या स्कूटरचा सेल्फ ब्रेक दाबल्याशिवाय लागत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ब्रेक दाबलाय हे गाडीला सांगतो तो मुठीखालचा करंगळीच्या पेरापेक्षा लहान स्विच, आणि आपल्या हवेत सगळ्यात आधी तोच मरतो. गेल्याच्या गेल्या वर्षी बायकोची गाडी अशी मुकी झाली. एका गॅरेजवाल्याने बॅटरी गेली म्हणून सांगितलं, आम्ही नवी टाकली. तेव्हा गाडी चालू झाली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मुकी. संध्याकाळी अंधारात ब्रेक दाबून मागे बघितलं तर लाल दिवा पेटतच नव्हता. उजवा ब्रेक दाबला, दिवा पेटला, सेल्फ लागला. डाव्या मुठीखालच्या स्विचच्या टोकांवर पोपटी भुकटी धरली होती. पॉलिश पेपरच्या बोटभर तुकड्याने घासली, संपलं. जुनी बॅटरी अजून माझ्याकडे आहे, पडवीतला दिवा तिच्यावर चालतो.

तेव्हा ब्रेक दाबा आणि मागचा दिवा बघा. एकटे असाल तर भिंतीकडे पाठ करून गाडी लावा, भिंतीवर लाल उजेड पडतो का ते दिसतं. डावा नसेल तर उजवा दाबून सेल्फ मारा, बहुतेक गाड्यांत कुठलाही एक चालतो. दोन्ही ब्रेकना दिवा नसेल तर मात्र गाडी चालू झाली तरी तशीच रस्त्यावर नेऊ नका. पावसात मागून येणाऱ्या एसटीला तुम्ही थांबताय हे कळणार नाही.

मग किल स्विच असेल तर तो चार-पाच वेळा चालू-बंद करा, आतला गंज घासला जातो. नव्या बऱ्याच गाड्यांत साइड स्टँड खाली असेल तर इंजिन सुरूच होत नाही. स्टँड वर दिसतो, पण त्याच्या बिजागरीत जांभ्याची लाल माती भरून तो पूर्ण वर गेलेला नसतो. पाय लावून एकदा वर ढकला, तांब्याभर पाणी ओता.

पेट्रोल. काटा बघू नका, झाकण उघडून गाडी हलवा आणि आवाज ऐका. आमच्या वाडीत सपाट जागाच नाही, गाडी उतारावर लावली की काटा वाटेल ते सांगतो.

झाकण उघडलंच आहे तर ते हातात घ्या. झाकणाला हवा आत यायला बारीक वाट असते. पेट्रोल खाली गेलं की तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याची लाल धूळ या वाटेत बसते आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होऊन वाट लिंपली जाते. ओळखायची खूण सोपी आहे. गाडी गुदमरून बंद पडली की लगेच झाकण उघडा. सुस्स असा आवाज आला आणि मग गाडी चालू झाली तर दोषी तेच. पाण्याने धुवा, फुंकून मोकळं करा, पूर्ण सुकवून लावा. टाचणी खुपसू नका, आत रबर असतं. एकदा एका गाडीच्या ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या नळीत कुंभारीण माशीने घर केलेलं सापडलं होतं, आत हिरव्या अळ्यांसकट. मालकाने त्याआधी दोनदा कार्ब्युरेटर साफ करून घेतला होता.

दहा-वीस रुपयांची कामं

फ्यूज आणि बॅटरी बहुतेक एकाच जागी सापडतात, कुणाच्या डिकीखाली तर कुणाच्या पायाखालच्या झाकणात. फ्यूज काढून उजेडात धरा, आतली तार तुटली का बघा. नवा टाकताना जुन्यावर जेवढा आकडा होता तेवढाच. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवणारे महाभाग मी पाहिलेत. त्याने गाडी चालू होते, पण पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरी जळतात. आणि नवा फ्यूजही लगेच उडाला तर तिसरा घालू नका, कुठेतरी वायर गाडीच्या लोखंडाला लागते आहे. आमच्याकडे मासे विकायला येणाऱ्या ताईंच्या मोपेडचं असंच व्हायचं. मागच्या क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी थेट मागच्या दिव्याच्या वायरींवर गळत होतं. वायरींना नवी टेप आणि क्रेटखाली रबरी चटई, एवढ्यावर भागलं.

आता बॅटरीची टोकं. पांढरी-हिरवी पिठूळ भुकटी दिसली तर नट घट्ट असूनही वीज पुढे जात नाही. साधे दिवे लागण्यापुरती जाते, सेल्फला लागते तेवढी जात नाही, म्हणून दिवे लागतात आणि नुसतं टक् टक् होतं. चावी बंद करा. आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर काढा. लाल आधी सोडवायला गेलात आणि पाना गाडीच्या लोखंडाला टेकला तर मोठी ठिणगी पडते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने टोकं घासा, कोरडी पुसा, घट्ट बसवा. लावताना लाल आधी, काळी शेवटी. वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. काळ्या वायरीचं दुसरं टोक जिथे गाडीच्या सांगाड्याला नटाने बसवलंय तेही बघा. तिकडे कुणी बघत नाही आणि गंज तिथेच असतो.

साधा मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. वाडीत एक तरी असावा. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरी १२.५ व्होल्टच्या वर दाखवत असेल तर उत्तम. १२ च्या खाली असेल तर ती उतरली आहे. सेल्फ दाबताना ९.५ च्याही खाली कोसळत असेल तर बहुधा म्हातारी झाली. गाडी चालू करून जरा रेस केली की साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान दिसायला हवं. तेवढं दिसत नसेल तर चार्जिंग होत नाही, म्हणजे नवी बॅटरीही आठवड्यात बसेल. आमची चांगली बॅटरी उगाच बदलली गेली ती आधी व्होल्ट न बघितल्यामुळे. चार्जिंगची दुरुस्ती मात्र मेकॅनिकचं काम.

१ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे कडक नियम, म्हणजे बीएस-६ आलं आणि बहुतेक नव्या स्कूटरांतून कार्ब्युरेटर गेला. त्यामुळे एक जुनी खात्री मोडली: सेल्फ नाही तर कीक आहेच. इंजेक्शनवाल्या गाडीत पेट्रोल ढकलायला विजेवरचा पंप असतो. बॅटरी पार बसली असेल तर दहा काय, शंभर किका मारा, ती बहुधा घेणार नाही. माझ्या वडिलांच्या लूनाला पायडल मारलं की काम व्हायचं. ते दिवस गेले. चावी चालू केल्यावर सीटखालून एक-दोन सेकंद बारीक झूंऽ ऐकू येतं, तो पंप. ऐकायची सवय ठेवा. बॅटरी चांगली, फ्यूज चांगला आणि तरी झूं नाही, तर तुम्ही थांबा.

कीक असेल तर आठवड्यातून एकदा मारत जा. वापरली नाही की तिचा दांडा गंजून आखडतो आणि नेमक्या गरजेच्या दिवशी हलत नाही.

प्लग आणि त्याची टोपी

आता पाना लागेल. इंजिन गार असेल तेव्हाच. गरम असताना प्लग काढला तर हेड, म्हणजे प्लग बसतो तो इंजिनाचा भाग, ॲल्युमिनियमचं असल्याने आटे सोबत निघून येऊ शकतात, आणि मग दीडशे रुपयांचं काम काही हजारांवर जातं.

स्कूटरचा प्लग अडचणीत असतो. पायाजवळच्या पॅनेलमधलं लहान झाकण काढलं की हात पोचतो. आधी फक्त कॅप ओढून काढा, वायर धरून ओढू नका. कॅपमध्ये डोकावा. पाण्याचा थेंब, पांढरी रेघ किंवा हिरवट डाग दिसेल. ठिणगीसाठी इथे हजारो व्होल्ट येतात. कॅपला बारीक चीर असेल किंवा आत खारट ओल असेल तर ही वीज प्लगच्या टोकाला जाण्याऐवजी बाहेरून इंजिनाच्या अंगावर उतरते. रात्री अंधारात, पाऊस भुरभुरत असताना इंजिन चालू असलेल्या अशा गाडीत मी निळसर रेघा नाचताना पाहिल्यात. दिसायला सुंदर. हात लावायला नाही.

कॅप सुक्या फडक्याने आतून पुसा, उन्हाची तिरीप असेल तर तिथे ठेवा. जुन्या गाड्यांत कॅप वायरीवर आट्याने बसवलेली असते. ती फिरवून काढा, वायरीचं टोक हिरवं असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून ताजं तांबं उघडं करा आणि पुन्हा फिरवून बसवा. चीर असेल तर टेप लावत बसू नका, नवी घ्या.

प्लग काढल्यावर त्याचं टोक बघा. ओलं असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय, बहुधा ठिणगी पडत नाही. कोरडं ठक्क असेल तर पेट्रोलच येत नाही. एवढ्या एका नजरेत अर्धं कोडं सुटतं, म्हणून कार्ब्युरेटरला हात लावायच्या आधी प्लग. काजळी धरली असेल तर ब्रशने साफ करा, फटीचं माप गाडीच्या पुस्तिकेत असतं. प्लग बसवताना पहिले काही आटे बोटांनीच फिरवा. बोटाने जात नाही म्हणजे तिरका लागतोय.

ठिणगी बघायची असेल तर प्लग कॅपमध्ये घालून त्याचे आटे इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवायचे आणि दुसऱ्याने कीक मारायची. प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. प्लग रबरी मुठीच्या पक्कडीने धरायचा. इंजेक्शनवाल्या गाडीत हा खेळ करू नका. टेकवण्यात कसर राहिली तर तिचा कंट्रोल युनिट जाऊ शकतो, आणि तो फार महाग असतो.

आणि सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका. मध्ये दहा सेकंद थांबा. सकाळी ऐकू येणारी ती लांबलचक खर्र खर्र बॅटरी खाते आणि प्लग पेट्रोलने भिजवते. गाडी ओव्हर झाली, म्हणजे इंजिनात जास्त पेट्रोल गेलं असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि पाच सेकंद सेल्फ द्या, सिलिंडर सुकतो.

चाकरमान्यांच्या गाड्या

मे महिन्यात येतात, गाडी पडवीत लावतात, मुंबईला जातात आणि गणपतीला येऊन चावी फिरवतात. तीन-चार महिने उभी गाडी, वर गच्च प्लास्टिक. हे प्लास्टिक गाडी वाचवत नाही, आतून वाफ धरतं. सकाळी काढलं की खालच्या बाजूला दव साचलेलं दिसतं. पागोळ्या अंगावर पडत नसतील अशा जागी गाडी उघडी बरी, वाटलं तर वरून जुनी चादर.

खरी अडचण टाकीत असते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. अर्धी रिकामी टाकी, दमट हवा किंवा झाकणातून झिरपलेलं पाणी. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पेट्रोलमध्ये मुरतं, मग इथेनॉल आणि पाणी दोघं मिळून तळाशी बसतात. इंजिन पेट्रोल घेतं तेही तळातूनच. सेल्फ जोमाने फिरतो, प्लग ओला होतो, पण त्या ओल्याला पेट्रोलचा वास कमी.

कार्ब्युरेटरवाल्या गाडीत कार्ब्युरेटरच्या वाटीखाली एक निचऱ्याचा स्क्रू असतो. त्याच्या नळीखाली काचेची बाटली धरून स्क्रू थोडा सैल करा. बाटली दहा मिनिटं स्थिर ठेवा. वर एक आणि खाली दुसरा असे दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करून घ्यावी लागेल, नुसतं वरून ताजं पेट्रोल घालून भागत नाही. हे काम उघड्यावर, विडी-चुलीपासून लांब, इंजिन गार असताना. काढलेलं पेट्रोल बावीजवळ ओतू नका, गॅरेजला द्या. स्क्रू काढूनही काहीच आलं नाही तर नळी, फिल्टर किंवा आतली सुई अडकली आहे. कार्ब्युरेटर उघडायची वेळ आता आली, आणि इथे मीही गाडी शृंगारतळीच्या गॅरेजला नेतो.

एअर फिल्टरची पेटी जाता जाता बघा. पेटीच्या तळाशी एक आंधळी नळी असते. तिच्यात पाणी दिसलं तर बूच काढून सोडा. आतला कागदी फिल्टर भिजला असेल तर बदला, धुवून वाळवू नका.

इथे हात मागे घ्या

इंजेक्शनवाल्या गाडीच्या मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा चालू इंजिनावरही जात नसेल तर आपल्याकडे तो वाचायचं यंत्र नाही. कीक अडकली आहे, किंवा अगदी हलकी, जोर न लागता खाली जाते, तर इंजिनाचं काम आहे. कुठूनही पेट्रोल गळत असेल तर चावीसुद्धा फिरवू नका.

आणि पुरात बुडालेली गाडी. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा माझ्या ओळखीतल्या दोन स्कूटर एकाच चाळीखाली बुडाल्या. एकाने पाणी ओसरल्यावर "बघू तरी" म्हणून सेल्फ दाबला. खट्ट आवाज झाला आणि गाडी थांबली. सिलिंडरमध्ये पाणी होतं, पाणी दाबलं जात नाही, मग लोखंड वाकतं. दुसऱ्याने काळी वायर काढून ठेवली, फोटो काढून विमा कंपनीला कळवलं आणि गाडी टेम्पोत घालून नेली. इंजिन ऑइल काढलं तर ते दुधाळ चहासारखं निघालं. दोन-तीन वेळा ऑइल बदलून ती सुरू झाली आणि आजही चालते. पाणी सीटपर्यंत आलं असेल तर चावी, सेल्फ, कीक, कशालाच हात नको. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत लाटेचे शिंतोडे उडाले तर एवढी भीती नाही. घरी आल्यावर गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवा. प्रेशरचा फवारा चावीच्या भोकावर आणि मुठींवर मारू नका.

मेकॅनिककडे गेलात की "चालू होत नाही" म्हणून गाडी सोडून येऊ नका. सेल्फ फिरतो का, ब्रेकचा दिवा लागतो का, बॅटरी किती व्होल्ट दाखवते, प्लग ओला होता की कोरडा, एवढं सांगा. आणि जो पार्ट बदलला तो जुना परत मागून घ्या.